पाणाड्या आणि पंपाचं भोक

सगळे त्याला पाणाड्या म्हणत, पण आयुष्यात त्यानं कुणाला एक विहीर दाखवली नव्हती. जमिनीखाली पाणी कुठं आहे ते सांगणारे पाणाडे वेगळे. हा सांगायचा ते इंजिनातलं पाणी कुठून पळतंय ते. जुनी गाडी तापायला लागली, सकाळी गळ्यापर्यंत भरलेला रेडिएटर संध्याकाळी कोरडा, आणि गाडीखाली बघावं तर थेंब नाही, की लोक म्हणायचे, उगाच भुई धोपटू नकोस, पाणाड्याकडे ने.

अंगानं काटकुळा, मान बगळ्यासारखी पुढं आलेली, बोलणं मोजकं. आणि रागाला पक्का. पक्का म्हणजे भडकणारा नव्हे. भडकणारा माणूस परवडला. त्याचा राग म्हणजे गवताचा जाळ, भुर्रकन पेटतो नि विझतो. ह्याचा राग गोवरीच्या विस्तवासारखा. वरून बघावं तर राख, आणि काडी घालून उकरावं तर आत लालभडक.

हा विस्तव एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता. त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला सगळे लोण्या म्हणायचे. जिभेवर कायम लोणी असायचं म्हणून. तापलेल्या गिऱ्हाइकाला दोन शब्दांत थंड करायचा. बायकांना ‘ताई’, म्हाताऱ्यांना ‘काका’, आणि शिव्या देत आलेला माणूस जाताना त्याचाच खांदा थोपटून जायचा.

दोघं एकाच गॅरेजात मिस्त्री होते. मोठं पत्र्याचं छप्पर, गाडीखाली उतरायला दोन खड्डे, तेलानं काळी झालेली फरशी, भिंतीवर पाने टांगायला खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली त्या-त्या पान्याचा रंगवलेला आकार, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लांबून दिसावं. दारातच मालकाची खुर्ची. मालक दिवसभर तिथं बसून सगळ्यांचे हात बघायचा.

त्या गॅरेजचा एक कायदा होता. ज्या मिस्त्रीनं गाडी हातात घेतली, त्यानं पुढच्या काचेच्या कोपऱ्यात खडूनं आपली खूण काढायची. कुणाचा त्रिकोण, कुणाची फुली. पाणाड्याचा थेंब. गाडी बाहेर जाईपर्यंत जी खूण काचेवर, त्याचं श्रेय आणि त्याचंच पाप.

एकदा शाळेतल्या बाईंची गाडी आली. वॉटर पंप गळत होता. आता वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी त्या भोकातून थेंब-थेंब बाहेर येतं आणि सांगतं, बाबा रे, माझे दिवस भरले, मला बदल. तेवढंच त्याचं काम. पाणाड्यानं काचेवर थेंब काढला, पंप तपासला, नवा मागवला. तेवढ्यात गावाहून निरोप आला, वडील गेले. तो हात न धुताच निघाला.

इकडे बाई घाईच्या. नवा पंप यायला दुसरा दिवस उजाडणार होता. लोण्या म्हणाला, “बाई, तुम्ही कशाला ताटकळता? मी बघतो की.” त्यानं पुट्टीचा गोळा मळला आणि ते भोक बुजवून टाकलं. गळती थांबली. बाई खूश. लोण्याला दोन्ही हातांनी आशीर्वाद देऊन गेल्या.

भोक बुजलं म्हणून पाणी थोडंच ऐकतं? ते आत बेअरिंगमध्ये शिरलं. बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन गेलं, बेअरिंग अडकलं, पट्टा तुटला, आणि भर उन्हात, भर रस्त्यात बाईंचं इंजिन शिजून निघालं.

बापाची माती करून पाणाड्या परत आला तेव्हा गॅरेजच्या आवारात सगळे जमलेले. ओढून आणलेली गाडी मधोमध. काचेवर थेंब तसाच. बाई डोळ्यांतून आग ओकत होत्या, आणि लोण्या खाली मान घालून म्हणत होता, “मालक, त्याच्या घरी माती झालीय हो, त्याचं डोकं ठिकाणावर नसणार. माफ करा त्याला.”

पाणाड्या म्हणाला, “मी पंप मागवला होता. भोक मी बुजवलेलं नाही. तो पंप दाखवा.”

पंप सकाळीच भंगारात गेलेला. कुणी टाकला, तर लोण्यानं. जागा अडत होती म्हणे.

मालकानं एवढंच विचारलं, “काचेवर खूण कुणाची?”

“माझी.”

“मग संपलं.”

तेव्हापासून पाणाड्याची शेड खुर्च्या विणणाऱ्याच्या वखारीमागे. चार पत्रे, एक विटांचा ओटा, आणि पावसापाण्यात भिजून फुगलेलं एक कपाट. भोकं बुजवणारा मिस्त्री म्हणून नाव झालेलं, त्यामुळे इंजिन खोलायला कुणी त्याच्याकडे गाडी देईना. यायची ती पाण्याची किरकोळ कामं. फुटके होज पाइप, गंजलेले रेडिएटर. माणसाला एकाच खड्ड्यात ढकललं की तो खड्डा तरी नीट ओळखतो. होता होता तो पाण्यातला असा वस्ताद झाला की, मोठ्या गॅरेजांतून हात टेकलेल्या गाड्या गुपचूप त्याच्याकडे यायला लागल्या.

पण त्याचं मन तिथं नव्हतंच. त्याला हवं होतं एक वाक्य. लोण्याच्या तोंडून, त्याच आवारात, त्याच लोकांपुढे. ‘ते भोक मी बुजवलं.’ बाकी लोण्याचं घर जळो की सोन्याचं होवो.

बायको म्हणायची, “अहो, सोडा आता. किती दिवस उगाळायचं तेच? आई गेली, दादा गेले. माहेर म्हणून ती एक बहीण उरलीय मला.”

“मी कुठं काय म्हणतोय?”

“म्हणत नाही तेच वाईट. पाना घासता घासता दात खाता ते मला ऐकू येतं.”

अशात एका सकाळी शेडसमोर मालकाची जुनी मोतिया रंगाची गाडी येऊन थांबली. बॉनेटच्या फटीतून वाफ. चाक धरून बसलेली मालकीणबाई. बाई सत्तरीच्या घरातली, पण गाडी स्वतः चालवायची आणि वाटेत आडवं येणाऱ्याला खिडकीतून मान बाहेर काढून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची.

“पाणाड्या, आहेस का जिवंत?”

“तुमच्या कृपेनं. इकडे कशी वाट चुकलात?”

“मी नाही चुकले, ही चुकली. तापते मेली. जरा चढ लागला की काटा लालमध्ये. माणसं गाडीत मुलंबाळं घेऊन फिरतात, मी पाण्याचे कॅन घेऊन फिरते.”

“तुमचं अख्खं गॅरेज आहे की.”

“आहे म्हणून तर इथं आले. तुझा साडू बॉनेट उघडतो, आत बघून असा हसतो जसं काही आत त्याची सासू बसलीय. म्हणतो, ठणठणीत आहे मालकीणबाई, जुनं माणूस आणि जुनी गाडी थोडी तापायचीच. मी त्याला म्हटलं, जुनं माणूस तापलं तर कानाखाली काढतं, माहितीये ना?”

पाणाड्या हसला नाही. त्यानं इंजिन बंद करायला सांगितलं आणि बाईंसाठी लाकडी खोकं उपडं घातलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणारा एकतर नवशिका असतो नाहीतर मरायला टेकलेला. इंजिन हाताला गार लागेपर्यंत तो नुसता गाडीभोवती फिरत राहिला.

मालकीणबाईला गप्प बसवत नव्हतं. “मुलीकडे जायचंय. दोन डोंगर ओलांडून. त्याआधी येत्या सोमवारी ह्यांनी गॅरेजात सगळ्यांना चहाला बोलावलंय. ह्यांचा गुडघा गेला, आता बसवत नाही खुर्चीवर. किल्ल्या तुझ्या साडूच्या हातात देणार.”

पाणाड्याचा हात थांबला. “लोण्याच्या?”

“मग कुणाच्या? आम्हाला मुलगा नाही, जावयाला तेलाचा वास सोसत नाही.”

त्यानं झाकण उघडून पाणी भरलं आणि झाकणाच्या जागी हातपंप बसवला. हा पंप सायकलला हवा भरतात तसा मारायचा, मग गाडी बंद असतानाच आत दाब चढतो आणि वरच्या घड्याळात काटा दिसतो. काटा जागेवर राहिला तर गाडी धुतल्या तांदळासारखी. उतरला तर कुठंतरी पाणी मुरतंय.

काटा उतरायला लागला. अगदी हळू, झोप आलेल्या माणसाच्या पापणीसारखा.

त्यानं खाली कोरडा पुठ्ठा सरकवला. थेंब नाही. होज पाइप एकेक करून पिळून बघितले. खालचा जरा फुगलेला, पण ओला नाही. पायाखालची चटई उचलून वास घेतला. कूलंट सांडलं की गोडसर वास येतो, काचेला आतून चिकट धुकं धरतं. तिथं कोरडं. इंजिन ऑइलची पट्टी काढून बघितली. पाणी ऑइलमध्ये गेलं असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं. तेही स्वच्छ.

“काय झालं? हरलास?” मालकीणबाई म्हणाली.

“पाणी हरवत नाही बाई. माणसं खोटं बोलतात, पाणी खूण ठेवून जातं.”

त्यानं मान वर केली आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला बॅटरी मारली. तिथं बारीक पांढुरके ठिपके होते. नुसते विखुरलेले नव्हे, कमानीसारखे ओळीत. फिरत्या चाकानं चिखल उडवावा तसे. म्हणजे पाणी गाडी चालू असतानाच गळत होतं, पुलीबरोबर गरगर फिरून उडत होतं आणि गरम लोखंडावर पडून जागच्या जागी वाळत होतं. मग खाली थेंब दिसणार कसा?

पुलीच्या मागे वॉटर पंप. पण पंपाचं सील गेलं असेल तर पाणी पोटाखालच्या भोकातून यायला हवं, पुढून पुलीच्या दांड्यातून कसं येतंय?

त्यानं दाढीचा छोटा आरसा हातात धरला आणि पंपाखाली घातला. बॅटरी तिरकी केली. आणि तसाच वाकलेला राहिला.

भोक नव्हतंच. भोकाच्या जागी राखाडी पुट्टीचा गोळा होता, अंगठ्यानं दाबून बसवलेला. अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटला होता. वरचा भाग आखूड, तिरका कापल्यासारखा, आणि नखाच्या जागी नुसती एक घडी. पंख्याच्या पात्यानं टोक गेलेला असा अंगठा ह्या धंद्यात त्याला एकाचाच माहीत होता, लोण्याचा. त्या अंगठ्याला हळद दाबून दवाखान्यात नेणारा पाणाड्या स्वतःच होता.

त्याच्या छातीत कुणीतरी भाता चालवावा तसं झालं.

पहिला विचार आला तो असा. काही बोलायचं नाही. होजची क्लिप आवळायची, पाणी भरायचं, ‘न्या गाडी’ म्हणायचं. पहिल्या डोंगरावर पंप फुटेल. मालकीणबाई उन्हात उभी राहील, जशा त्या शाळेतल्या बाई राहिल्या होत्या. आणि सोमवारी किल्ल्या कुणाच्या हातात पडतात ते बघू.

हा विचार त्यानं हुसकावून लावला, पण बाईंची दया आली म्हणून नव्हे, उगाच त्याला देव करायला नको. गाडी बिघडली की शेवटचा हात ज्याचा, शेण त्याच्या तोंडात. हे तो एकदा खाऊन बसला होता. लोण्यानं तेव्हाही हेच म्हटलं असतं, ‘आमच्याकडे ठणठणीत होती हो, ती वखारीमागं गेली नि घात झाला.’

त्यानं मालकीणबाईला उठवलं आणि आरसा तिच्यासमोर धरला. “बघा.”

“काय आहे हे? शेंबूड?”

त्यानं सांगितलं. भोक कशासाठी असतं, बुजवलं की पाणी कुठं जातं, बेअरिंग कसं मरतं. अंगठ्याचंही सांगितलं. बाई ऐकत गेली तसतसे तिचे ओठ पातळ होत गेले.

“हे न कळता करतात की कळून?”

“नवशिका न कळता करतो. मिस्त्री करतो तो कळूनच. नवा पंप शोधायचा कंटाळा, आणि मालकाच्या गाडीला नवा पंप लागणार असं सांगितलं की मालक विचारणार, जुना कधी गेला, आधी का नाही सांगितलंस? त्यापेक्षा बुजवा.”

“आणि मी ह्याच गाडीतून डोंगर चढणार होते.”

“हो.”

बाईनं आरसा बाजूला सारला. मग तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. “तुझ्यावर जे आलं होतं, ते असंच होतं ना?”

“असंच.”

“सूड घ्यायचाय?”

“घ्यायचाय. तुम्ही घरी काही बोलू नका. सोमवारी गाडी मीच घेऊन येतो आवारात.”

“घे,” बाई म्हणाली. “पण आधी माझा पंप बदल.”

जुन्या गाडीचा पंप म्हणजे उंबराचं फूल. सामानाच्या बाजारात पाच-सहा दुकानांनी हात वर केले, शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर मिळाला. पाणाड्यानं रेडिएटरखाली घमेलं ठेवून सगळं पाणी काढलं. तांबूस, गढूळ, तळाला गंज. पट्टा उतरवला, पंखा उतरवला. पंपाचा एक बोल्ट गंजून असा बसला होता की पाना लावला तर गोलच व्हायला बघे. त्यानं त्याला तेल पाजलं, बाजूनं गरम केलं, पुन्हा तेल पाजलं, आणि घाई न करता रेटत, मागं घेत, रेटत काढला. मोडला असता तर इंजिनाचा ब्लॉक खोलावा लागला असता. इतका जपून तो कधीच काम करत नसे. पण हा पंप त्याला अखंड हवा होता, गोळ्यासकट, ठशासकट.

पंप हातात आला तेव्हा त्यानं पुली फिरवून बघितली. आत खरखर, दाढेखाली वाळू आल्यासारखी. त्यानं पंप तान्ह्या पोरासारखा फडक्यात गुंडाळून ठेवला.

मग ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट खरवडलं, नवीन कागदी गॅस्केट स्वतः कापून बसवलं, नवा पंप लावून बोल्ट तिरके-समोरासमोर आवळले म्हणजे एका बाजूला ताण नको. फुगलेला होजही बदलला. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं भरलं, हीटर चालू ठेवून झाकण उघडं टाकून इंजिन चालवलं. आतली हवा बुडबुड करून बाहेर आली, पाणी खाली बसलं, तसं पुन्हा भरलं. गार झाल्यावर हातपंप लावला आणि काट्याकडे बघत तो भाकर-तुकडा खायला बसला. जेवण झालं, हात धुतले, काटा होता तिथंच.

घरी त्यानं फडकं सोडून पंप बायकोला दाखवला. लपवण्यात अर्थ नव्हता. सोमवारी आवारात गेला की सगळ्यांना कळणारच होतं.

बायकोनं त्या ठशाकडे बघितलं. “हा तर त्याचा अंगठा.”

“ओळखलास ना? मग झालं.”

“काय करणार?”

“त्याच्या तोंडून वदवणार. शाळेतल्या बाईंच्या गाडीचं.”

“आणि मग? त्याला हाकलतील. मग धाकटी काय करेल? माझं दार ती पुन्हा बघेल तरी का? तुमच्या एका वाक्यापायी माझं माहेर बंद होईल हो.”

“माझं तोंड बंद होतं इतकी वर्षं, ते दिसलं नाही कुणाला.”

“दिसलं,” ती म्हणाली. “रोज दिसलं. पण मी काय करू? बहीण आहे ती.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र कुठून येतंय हे शोधायला तो थांबला नाही. पंप पुन्हा फडक्यात गुंडाळला.

सोमवारी तो मोतिया गाडी घेऊन आवारात शिरला तेव्हा सगळे मिस्त्री चहाचे पेले घेऊन उभे होते. मालक दारातल्या खुर्चीवर, एक पाय स्टुलावर. शेजारी मालकीणबाई. लोण्या इस्त्रीच्या शर्टात, खिशाला नवं पेन, आणि बोटात किल्ल्यांचा जुडगा. नुकताच मिळाला असावा, कारण तो त्याला उगाचच वाजवत होता.

“या, या साडूभाऊ!” लोण्या दोन्ही हात पसरून पुढं आला. “आज आमचं भाग्य! अरे, चहा आणा रे दादांना!”

“चहा नको. अंगठा दे.”

“काय?”

पाणाड्यानं फडकं सोडलं, पंप टेबलावर उपडा ठेवला. “मालकांच्या गाडीतून काढलाय. हा गोळा बघ. ह्यात तुझा अंगठा बसतो का बघू दे सगळ्यांना.”

मिस्त्री पेले खाली ठेवून जवळ सरकले. लोण्या हसला. “काय साडूभाऊ, आल्या आल्या चेष्टा!”

“चेष्टाच आहे. लाव.”

“अहो, कुणाचाही असेल...”

“मग सगळ्यांनी लावून बघू,” एक जाडा मिस्त्री मागून म्हणाला आणि आपला अंगठा त्या ठशावर ठेवला. तो ठशाच्या वर बोटभर उरला. दुसऱ्यानं ठेवला. त्याचाही उरला. लोण्यानं आपला हात खिशात घातला, आणि तिथंच तो पकडला गेला. खाई त्याला खवखवे.

“शाळेतल्या बाईंच्या गाडीलाही असाच गोळा होता,” पाणाड्या म्हणाला. “तो कुणी लावला?”

लोण्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग एकदम खांदे सैल सोडून मोकळा हसला. “लावला असेल मी. हो, मीच लावला. अहो गिऱ्हाईक ताटकळलं होतं! किती जुनी गोष्ट उकरता साडूभाऊ? झालं गेलं गंगेला मिळालं. कोण मिस्त्री लावत नाही, सांगा?”

दोघं-तिघं हसलेसुद्धा.

एवढी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य आलं, आणि ते असं पचपचीत आलं. त्यात भर मालकानं घातली. खुर्चीवरून तो म्हणाला, “मला तेव्हाच कळलं होतं.”

“काय?”

“पंप भंगारात गेला तेव्हाच. पण काय करू? गिऱ्हाईक त्याच्या जिभेवर यायचं. तुझ्या तोंडाकडे बघून कोण आलं असतं? धंदा होता बाबा.”

पाणाड्याला वाटलं, दोघांचीही डोकी त्या पंपानं फोडावीत. पण मालकीणबाईच आधी उठली.

“तुम्हाला कळलं होतं?” ती नवऱ्याला म्हणाली. “हा माणूस भोकं बुजवतो हे ठाऊक असून ह्याच्या हातची गाडी मला देत होता? मी डोंगरावर फुटले असते तर काय म्हटलं असतंत? धंदा होता?”

मालकानं स्टुलावरचा पाय खाली घेतला. दुसऱ्याच्या इंजिनाचं पाप त्याला पचलं होतं. हे घशात अडकलं. त्यानं पंपाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि लोण्यापुढं तळहात केला. “किल्ल्या.”

“मालक, अहो ऐका तरी...”

“किल्ल्या ठेव आणि नीघ. उद्यापासून येऊ नकोस.”

लोण्याचा चेहरा उतरला तो आत्ता. तो पाणाड्याकडे वळला, त्याचा हात धरला. “साडूभाऊ, तुम्ही तरी बोला ना. तुमची मेहुणी आहे घरात. कुठं जाऊ मी?”

कुठं जाईल? पाणाड्याला दिसत होतं की. समोरच्या रस्त्यावर दुकान टाकेल. महिन्याभरात निम्मं गिऱ्हाईक गोळा करेल. येणाऱ्या प्रत्येकाला सांगेल, काका, माझ्यावर अन्याय झाला हो, माझ्याच साडूनं माझ्या पोटावर पाय दिला. आणि लोक चुकचुकतील. असली जीभ उपाशी मरत नाही. हाकलणं म्हणजे त्या जिभेला मोकळं रान.

“मालक,” पाणाड्या म्हणाला, “ह्याला हाकलू नका.”

सगळे चमकले.

“मग हे गॅरेज कोण बघणार?” मालक म्हणाला.

“ज्यानं भोक शोधलं तो,” मालकीणबाई म्हणाली आणि किल्ल्या उचलून पाणाड्यासमोर ठेवल्या.

पाणाड्यानं लगेच हात लावला नाही. “माझ्या अटी आहेत. ही खुर्ची दारातून हलेल. मालकांनी घरी गुडघा शेकत बसावं. आणि हा इथंच राहील, माझ्या हाताखाली. पाण्याची सगळी कामं ह्याची. पंप, रेडिएटर, होज. पण गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलायचा नाही. नमस्कारसुद्धा नाही. लोण्या, बोललास की त्याच दिवशी हा पंप ठशासकट दारात टांगेन, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसेल असा. कबूल?”

लोण्यानं मान हलवली.

“तोंडानं सांग. आत्ता बोलायची परवानगी आहे.”

“कबूल.”

आवारभर कुजबुज झाली, मन मोठं हो पाणाड्याचं. ज्यानं पोटावर मारलं त्याला पोटाशी धरलं. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे पसरलं. धाकटी मेहुणी धावत घरी आली, बहिणीच्या गळ्यात पडून रडली, आणि पाणाड्याला म्हणाली, “भाऊजी, तुम्ही देवमाणूस.” बायकोनं कौतुकानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं कुणालाही दुरुस्त केलं नाही. लोकांना जे समजायचं ते समजू द्यावं. माहेर वाचलं, बायको खूश, आणि आतली गोष्ट आत.

लोक म्हणतात, सूड घेऊन माणसाला चैन पडत नाही. म्हणणाऱ्यानं कधी घेऊन बघितला नसावा. पाणाड्याची भूक वाढली. अंग धरलं. सकाळी तो सगळ्यांच्या आधी गॅरेजात हजर.

परवा एक म्हातारे गृहस्थ गाडी घेऊन आले. लोण्या गाडीखाली खड्ड्यात पडलेला, फुटक्या होजमधलं पाणी कोपरावरून बगलेत वाहत होतं. गृहस्थ वाकले. “काय हो, काय झालंय गाडीला? मोठं काम आहे का?”

लोण्यानं सवयीनं मान वर केली. ओठ उघडले, जिभेवर ‘काका’ आलंसुद्धा. मग त्याला पलीकडच्या खांबाला टेकून उभा असलेला पाणाड्या दिसला. तोंड तसंच उघडं राहिलं.

पाणाड्या खांबाला टेकूनच राहिला. त्यानं त्याला तसंच आ वासून राहू दिलं, चांगलं पोटभर. गृहस्थांनी पुन्हा विचारलं, तेव्हा कुठं तो सावकाश पुढं आला.

“मला विचारा,” तो म्हणाला.